मिंका मुकी झाली

वासिल झुर्कोला देवाने रूप दिलं नव्हतं, उंची दिली नव्हती आणि गोड बोलणं तर अजिबातच दिलं नव्हतं. पण कान दिला होता. सॉमिल रन ओढ्याच्या खोऱ्यात हे कुणीही सांगितलं असतं. बीगल या शिकारी कुत्र्यांच्या क्लबची माणसं शनिवारी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून कॉफी पीत. खाली काटेरी झुडपांत आठ-दहा कुत्री सशामागे लागलेली असत, दिसत एकही नसे, आणि वासिल डोळे मिटून सांगे, "पुढे एमेटची फर्न आहे. तिच्यामागे माझा टग. लॉइडचं कुठे आहे? हां, ते मागे राहून नुसतं हो ला हो करतंय." पाच मिनिटांनी कुत्री मोकळ्यात येत आणि क्रम तसाच निघे. कुणी नवं पिल्लू घेतलं की आधी त्याचा आवाज वासिलला ऐकवायला आणत. तो ऐके, थुंके आणि एका शब्दात निकाल देई. त्या निकालावर अपील नव्हतं.

पोटापाण्यासाठी तो एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता. काम छताला बोल्ट मारायचं. डोक्यापासून हातभर अंतरावर ड्रिल दगडात घुसायचं, रोज आठ तास. शेवटच्या काही वर्षांत साहेबांनी कानात घालायला बोळे दिले, ते वासिलने जेवणाच्या डब्यात टाकले ते टाकलेच. छत कोसळायच्या आधी करकरतं, आणि ती करकर ज्याला ऐकू आली तोच संध्याकाळी घरी जातो, असं त्याचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. त्याने दोनदा एमेट स्टिफलरला मानगूट धरून मागे खेचलं होतं, आणि दोन्ही वेळा एमेट उभा होता तिथेच छत खाली आलं होतं.

एमेट त्याचा जोडीदार. खाणीत एका पाळीला, शनिवारी एका झुडपामागे. वासिलचं घराणं रुसिन, जुन्या पंचांगाने सण पाळणारं, एमेटचं जर्मन. वासिलचा नाताळ जानेवारीत, एमेटचा डिसेंबरात. म्हणून दोघं दोन्हीकडे जेवत. दर जानेवारीत चार दिवस वरच्या डोंगरात जात, बर्फात पांढऱ्या होणाऱ्या मोठ्या सशांच्या मागे. एमेट बडबड्या, वासिल घुम्या. एमेटने बोलायचं आणि वासिलने "हं" म्हणायचं, अशी वाटणी होती.

मिंका एमेटच्या घरची. फर्नच्या शेवटच्या वेताची, चार पिल्लांतली सगळ्यात लहान. एमेटने ती टोपीत घालून आणली आणि पॉलिनच्या, म्हणजे वासिलच्या बायकोच्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

"ही तुझी," एमेट म्हणाला. "हिचा गळा ऐकशील तर जेवायचं विसरशील."

"आठ आठवड्यांच्या पिल्लाचा कसला गळा?" वासिल म्हणाला.

"अरे, मी तिच्या आईचा बाळंतपणवाला आहे. मला विचार."

एमेटचं खरं ठरलं. टगचा आवाज जाड, घोगरा, लांबवत न्यायचा. मिंकाचा बारीक आणि स्वच्छ. त्या दोघांनी मिळून ससा उठवला की अलीकडच्या टेकडीवर पॉलिन आणि पलीकडच्या टेकडीवर, आपल्या घरी असला तर, एमेट, दोघंही हातातलं काम सोडून उभे राहत.

सशाची एक खोड आहे. उठला की गोल फिरून उठला त्याच जागी परत येतो. माणसाने तिथंच बंदूक घेऊन उभं राहायचं आणि कुत्र्यांच्या आवाजावरून ससा कुठवर आला, कुठे वळला, हे मनात आखत जायचं. सगळा खेळ कानांचा. म्हणूनच वासावर धावताना न भुंकणारं कुत्रं हे आमच्याकडे सगळ्यात मोठं पाप. मुकं कुत्रं एकटंच पुढे पळतं, ससा चोरून नेतं, बाकीच्यांना वेडं करतं. असं कुत्रं विकायचं नाही, कुणाला फुकटही द्यायचं नाही. ज्याचं त्याने निस्तरायचं, स्वतःच्या बंदुकीने. लॉइडने त्याचं एक मुकं कुत्रं शेजारच्या तालुक्यातल्या एका मास्तराच्या गळ्यात मारलं होतं. त्याला सहा वर्षं झाली, अजून क्लबात लॉइडच्या कपात दुसरं कुणी कॉफी ओतत नाही. तो आपला हाताने ओतून घेतो.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एमेटची छाती पार बसली. कोळशाची धूळ पंचवीस वर्षं साचत होती, तिने आता श्वासाला जागा ठेवली नाही. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं, आणि पलंग खिडकीपाशी. वासिल दोनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा जायला त्याचे पाय वळेनात. ज्या माणसाची बडबड कधी थांबली नाही त्याला शब्दाशब्दाला दम लागताना बघवत नव्हतं. तो पॉलिनच्या हाती हलुश्कीचं, म्हणजे कोबी घातलेल्या शेवयांचं भांडं पाठवायचा, स्वतः जायचा नाही. भित्रा होता, दुसरं काय.

त्यामुळे ऑक्टोबरात सशांचा मोसम उघडला तेव्हा वासिल एकटाच निघाला. आणि पहिल्याच दिवशी मिंका गप्प होती.

टग घोगरं ओरडत ओढ्याच्या कडेने चालला होता. त्याच्या बरोबर, त्याच्या पुढे, जो बारीक आवाज असायला हवा होता तो नव्हता. वासिल थांबला, टोपी मागे सारली, मान वळवली. नव्हताच. मग ससा आला आणि त्याच्या मागे पंचवीस पावलांवर मिंका, टगच्या खूप पुढे. वासिलपासून हाकेच्या अंतरावर आली तेव्हा तिने तोंड उघडलं.

वासिलने बंदूक खाली केली. ससा गेला निघून.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. लांब असली की मुकी, मालक दिसला की भुंकणार. मुकं कुत्रं त्याने पाहिलं होतं, पण हे काहीतरी वेगळंच. हे ढोंग होतं. वासिलच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मग घरी येऊन तिचे कान कुरवाळताना त्याला रडू फुटायची वेळ आली. त्याने बॅटरी लावून तिचा घसा तपासला. कोमट दुधात मध घालून पाजला. जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने बोटं घालून बघितलं आणि म्हणाला, "घसा माझ्याहून चांगला आहे हिचा."

एका संध्याकाळी पॉलिन दोरीवरचे कपडे काढून आत आली. "आज मिंका काय ओरडत होती! त्या सफरचंदांच्या बागेच्या वरच्या अंगाला होतात ना तुम्ही?"

"तो टग."

"टग कसा? मला टग कळत नाही होय?"

"तुला कोण काय सांगणार! जन्मभर मी कुत्री ऐकतोय की तू?" वासिल म्हणाला. "टीव्ही मोठा कर जरा. आजकाल हे बातम्यावाले तोंडातल्या तोंडात बोलतात."

"आणखी मोठा? भिंती हलतायत!"

पण तिने आवाज वाढवला, आणि कुत्र्यांच्या गोष्टीत पुन्हा पडली नाही. त्या घरात ती गोष्ट तिची नव्हती.

वासिलने तीन आठवडे काढले. रोज वाटे, आज बोलेल. रोज टगचा एकट्याचा आवाज खोऱ्यातून येई. क्लबात गेला नाही. लोकांनी विचारलं तर काय सांगणार? ज्याने पन्नास माणसांच्या कुत्र्यांचे निकाल दिले त्याच्याच घरात मुकी निघाली. एमेटला विचारावं असं शंभरदा मनात आलं. पण विचारायचं काय? तू टोपीत घालून आणलेली, तुझ्या फर्नच्या पोटची, ती लबाड निघाली, असं नाकात नळी घालून पडलेल्या माणसाला सांगायचं? वासिलला ते तोंडातून काढणं जमलं नसतं. ती भीड नडली. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द पलीकडच्या टेकडीवर, अर्ध्या मैलावर, पडून होता.

"घरातच राहू दे तिला," पॉलिन म्हणाली. "शेगडीपाशी पडून राहील. मला सोबत."

"बीगल आहे ती. टग सुटताना बघत राहणार आणि ही साखळीला? ओरडून ओरडून मरेल."

"म्हणजे ओरडते तर!"

"दारात ओरडते गं! माग काढताना नाही! किती वेळा सांगू?"

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, त्याने टगला बांधून ठेवलं आणि मिंकाला एकटीला घेतलं. खिशात कोल्बासीचा, धुरावलेल्या सॉसेजचा, तुकडा होता. खोऱ्याच्या डोक्यावर सफरचंदांची एक सोडून दिलेली बाग आहे, तिथंच मिंकाने पहिला ससा उठवला होता. तिथंच न्यायचं त्याने ठरवलं होतं. उन्हं नुकती आली होती, गवतावर दहिवर पांढरं होतं. मिंका त्याच्या बुटांभोवती घिरट्या घालत चालली होती. तिला वाटत होतं, रोजच्यासारखाच दिवस.

बागेत पोचायच्या आतच तिने ससा उठवला.

वासिलने तिला हाक मारली नाही. ही तिला आणखी एक संधी, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि न्यायाने वागायचं तर द्यायलाच हवी होती. तो जुन्या झाडाखाली उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली. वारा नव्हता. टग नव्हता, दुसरं कुत्रं नव्हतं, मध्ये यायला काहीच नव्हतं. "एकदा," तो पुटपुटला. "एकदाच बोल गं बये. पुरे मला."

खोरं गप्प होतं. तो श्वास रोखून ऐकत राहिला, मानेच्या शिरा दुखेपर्यंत. ससा खाली ओढ्यापर्यंत गेला असणार, तिथून वळून कुंपणाच्या कडेने वर. एवढा मोठा फेरा, आणि एक आवाज नाही. मग झुडपं हलली. ससा त्याच्या समोरून टणाटण उड्या मारत गेला. मागोमाग मिंका आली, आणि अगदी जवळ, त्याला बघून, तोंड उघडून ओरडायला लागली. शेपूट हलत होतं.

"आत्ता ओरडतेस," वासिल म्हणाला. "आत्ता?"

त्याने तिला जवळ बोलावलं, कोल्बासी दिली. तिने ती घाईघाईने खाल्ली, तिला सशामागे परत जायचं होतं. पुढचं मी सांगत नाही. एक बार झाला. त्याने तिला बागेतच पुरलं, जमीन वरून गोठायला लागली होती, कुदळ चालवून हाताला फोड आले. घरी येऊन तो अंगणातच बसला. पॉलिनने त्याचे हात बघितले, आणि त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. पुढचे आठ दिवसही नाही.

आपण बरोबर केलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लॉइडसारखं केलं नाही, आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकली नाही. छाती फुटली तरी नियम पाळला. तेवढ्या एका गोष्टीला धरून त्याने हिवाळा काढला. टगला त्याने नंतर सोडलंच नाही. जानेवारीत वरच्या डोंगरातही गेला नाही. मिंकाचं पाण्याचं भांडं पॉलिनने उचलून ठेवलं, ते त्याने परत आणून जागेवर ठेवलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीत एमेटच्या मुलीचा, लोर्नाचा फोन आला. पॉलिनने तो घेतला. हल्ली तीच घ्यायची. डॅड फार आठवण काढतायत, वासिलकाकांना म्हणावं, आता उशीर करू नका.

वासिल गेला. दाढी करून, चर्चचा कोट घालून गेला.

खोली गार होती. एमेट तीन उशांना टेकून बसला होता, अंगावर दोन रजया, डोक्यावर शिकारीची लोकरी टोपी, आणि पलंगाजवळची खिडकी सताड उघडी. बाहेर बर्फ.

"हे ऐकत नाहीत हो," लोर्ना दारातून जोराने म्हणाली. "ऑक्टोबरपासून ही खिडकी उघडी. मी थकले सांगून. तुम्ही तरी सांगा, काका." आणि ती खाली गेली.

एमेटने त्याला नखशिखांत बघून घेतलं. "कोट घालून आलास. मी... अजून मेलो नाही रे."

"हं," वासिल म्हणाला आणि खुर्ची ओढून त्याच्या तोंडाजवळ बसला. एमेटच्या मिशा हलायच्या, पण शब्द नीट पोचत नव्हते. दम नाही बिचाऱ्याला, असं वासिलला वाटलं.

"तिला कुठे घालवलीस?" एमेटने विचारलं. "पिल्लं झाली असणार. म्हटलंच मी. गप्प झाली म्हणजे... पोटुशी. एक पिल्लू लोर्नाला दे. मी गेल्यावर... घरात आवाज हवा."

"कोण गप्प झाली?"

"मिंका! अरे, मोसम उघडल्यापासून तिला ऐकत होतो. ही खिडकी... कशाला उघडी ठेवलीय? डॉक्टरला बघायला?" तो हसला आणि त्या हसण्याचा त्याला ठसका लागला. वासिलने पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "सकाळी तुझा ट्रक खोऱ्यात उतरला की लोर्नाला सांगायचो, चल, उशी दे. तेवढाच माझा दिवस."

वासिल समजुतीने बोलला, आजाऱ्याशी बोलावं तसं. "तो टग असेल, एमेट. मिंका बोलत नव्हती या वर्षी."

एमेटने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मला शिकवतोस? ती माझ्या हातात जन्मली. टग मागे, ती पुढे. रोज. काय गळा लागला होता तिचा! कधी नव्हता असा." त्याने खिडकीकडे हात केला. "ही पाखरं बघ. सकाळपासून डोकं उठवलंय. त्यांच्यातूनही तिला... निवडून काढली असती मी."

वासिलने वळून बघितलं. खिडकीबाहेर हातभर अंतरावर दाणे ठेवायची लाकडी पेटी टांगली होती. तिच्यावर पाच-सहा काळ्या टोपीची चिमुकली पाखरं भांडत होती. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. एक तर मान वर करून, गळा फुगवून, जीव तोडून ओरडत होतं.

त्याला काही ऐकू येत नव्हतं.

तो खुर्चीतून उठला, खिडकीपाशी गेला, थंडीत डोकं बाहेर काढलं. पाखरं भुर्रकन उडाली. पंखांचाही आवाज नाही. खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला, त्याची घरघर मात्र आली, जाड आणि ठळक. टग जसा यायचा तशी. ओढ्यापासून, कुंपणापासून, मैलभरावरून टग यायचा. वासिलने चौकट धरली.

"शेवटची ऐकली ती बागेच्या तिथे," एमेट मागून बोलत होता, आणि आता त्याचा आवाज चढला होता, कारण तो आनंदात होता. "नोव्हेंबरात. एकटीच होती ना त्या दिवशी? टग नव्हता. पूर्ण फेरा घातला तिने, वासिल, ओढ्यापर्यंत... आणि परत वर. एकदासुद्धा थांबली नाही. मी रडलो, बघ. म्हातारा झालो. मग तुझा बार झाला. एकच. म्हटलं, मिळाला ससा."

वासिल वळला. खोटं बोलता आलं असतं. गाडीखाली आली, म्हणता आलं असतं, म्हातारा निवांत गेला असता, आणि ज्याला दोनदा मरणातून ओढला त्याच्याशी एवढं एक खोटं देवानेही चालवून घेतलं असतं. पण वासिलला खोटं बोलायची सवय नव्हती. तो पलंगाच्या कडेवर बसला. चर्चच्या कोटाची बटणं त्याने लावली, काढली.

"ससा नव्हता तो," तो म्हणाला.

एमेटने त्याच्याकडे बघितलं.

"मला ऐकू येत नव्हती. मला वाटलं मुकी झाली. मी झाडाखाली उभा होतो, एमेट, टोपी काढून. म्हटलं एकदा बोल. ती बोलत होती. सगळा वेळ बोलत होती." आपण किती जोरात बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. खाली लोर्ना हातातली बशी धरून जागच्या जागी उभी राहिली. "तू ऐकत होतास. पॉलिन ऐकत होती. मी मारली तिला. मला येऊन धावत भेटली आणि मी मारली."

नळकांड्यातून हवा येत होती, एमेटची छाती वरखाली होत होती. त्याने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, रजईवर ठेवली. चार केस उरले होते, ते घामाने चिकटले होते. मग त्याचे ओठ हलले.

वासिल पुढे वाकला. "काय?"

एमेट पुन्हा बोलला. वासिलने डोळे त्याच्या ओठांवर लावले, हात कानामागे धरला. काही कळलं नाही.

"काय म्हणालास, एमेट? मला... मोठ्याने बोल."

एमेटने डोळे मिटले. उशीवर कोपर टेकून तो थोडा वर आला. एक श्वास घेतला, तो पुरला नाही, दुसरा घेतला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"खिडकी," तो ओरडला. "लाव ती खिडकी."

वासिलने उठून खिडकी लावली.